रविवारच्या यादीतलं एक नाव

मला पाळक व्हायचं होतं, आणि जयपूरला गेलो तेव्हा माझी समजूत अशी होती की ते काम मला जवळजवळ येतंच. वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत उपदेशक होते. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून ते गावोगाव जायचे, चावडीसमोर कीर्तन करायचे, लोकांना हसवायचे, रडवायचे आणि शेवटी येशूपाशी आणून सोडायचे. मी त्यांच्या मागे झांजा वाजवत मोठा झालो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला शिकावं लागलंच नाही.

पण वडिलांना पाळकपणाची दीक्षा नव्हती. दीक्षा नसलेल्या उपदेशकाला प्रभुभोजन देता येत नाही, बाप्तिस्मा देता येत नाही. वर्षातून चारदा तालुक्याहून पाळकसाहेब यायचे, आणि ज्या माणसांसाठी वडिलांनी वर्षभर पायपीट केली त्यांना भाकर आणि द्राक्षारस ते द्यायचे. वडील बाजूला ताट धरून उभे. याबद्दल ते घरात कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी सेमिनरीतून पास झालो त्या महिन्यात मात्र त्यांनी तालुक्याच्या शिंप्याकडून माझ्या मापाचा पांढरा झगा शिवून घेतला आणि माझ्या ट्रंकेत अगदी तळाला ठेवला.

"आता एका वर्षाचाच प्रश्न आहे," म्हणाले.

ते वर्ष एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काढायचं असे. वर्ष संपत आलं की त्यांनी दीक्षा ठरवणाऱ्या कमिटीला पत्र लिहायचं: हा माणूस दीक्षेला योग्य आहे, किंवा नाही. बस्स, त्या एका पत्रावर सगळं. मला जयपूरला पाठवलं, कारण तिथले पाळक मूळचे आमच्या नगरकडचे होते. तीस वर्षं राजपुतान्यात काढलेला माणूस. चर्चची मंडळी हिंदी बोलणारी, पण तिच्यात दहाबारा मराठी कुटुंबं होती. कुणी लष्करात, कुणी इस्पितळात, एकदोघं रेल्वेत. त्यांच्यासाठी मराठी बोलणारा सहायक हवा होता. बासष्ट सालचा उन्हाळा होता. स्टेशनवर उतरलो आणि गरम हवेनं माझं थोबाडच फोडलं.

थोरले पाळकसाहेब, मी त्यांना थोरले साहेबच म्हणायचो, बनी पार्कात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या तीन खोल्यांत राहत. अंगानं किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचं मराठी नगरचंच, पण मधेच 'मतलब' यायचं आणि वाक्य 'भैया'वर संपायचं. दर गुरुवारी सकाळी आम्ही चार उमेदवार त्यांच्याकडे शिकायला बसायचो. मी तिथेच राहणारा. एक चौमूंहून बसनं यायचा, आणि दोघं आणखी लांबून, आदल्या दिवशीच मुक्कामाला. चौमूंवाला माझ्याच वयाचा, बोलघेवडा, उत्साही गडी होता. बाकीचे दोघं फार बोलत नसत.

मला वाटलं होतं, इथे उपदेश कसा करावा ते शिकवतील. पंचांची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांची, सभा कशी चालवावी, भांडणारी दोन घराणी एका बाकावर कशी बसवावी, असं काही. वरून एक सायक्लोस्टाइल केलेलं चोपडंही आलं होतं. त्यात पाळकाच्या पुढारीपणाचे एकेक गुण अंक घालून दिले होते. मी ते पहिल्याच आठवड्यात पाठ केलं. थोरल्या साहेबांनी पहिल्या गुरुवारी ते हातात घेतलं, चाळलं, आणि "चांगलं आहे," म्हणून लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. वर्षभर ते तिथेच होतं. बरणीचं तेल झिरपून त्यातले गुण एकेक करून दिसेनासे झाले.

त्याऐवजी त्यांनी आम्हाला एकेक वही दिली. बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, वह्यांना बगरूच्या छापाच्या कापडाची कव्हरं शिवली होती. माझ्या वहीवर गेरूच्या रंगाची बुटी होती. काम असं: आठवड्याला तीन घरांत जायचं. बसायचं. घरात काहीही लिहायचं नाही. परत आल्यावर वहीचं पान मधोमध दुमडायचं, डाव्या बाजूला दोघं काय काय बोललो ते शब्दाला शब्द लिहायचं, आणि उजव्या बाजूला, बोलताना आपल्या मनात काय चाललं होतं ते. नावं लिहायची नाहीत, घराला नंबर द्यायचा. गुरुवारी ते सगळ्यांसमोर वाचायचं.

"आणि उपदेश?" मी विचारलं.

"सहा महिने नको," ते म्हणाले. "रविवारी यादी वाच."

यादी म्हणजे उपासनेतल्या प्रार्थनेची यादी. तिचे तीन भाग असत. पहिल्यात आजारी माणसं. दुसऱ्यात घरापासून लांब असलेली: प्रवासी, शिकायला गेलेली मुलं, सीमेवरचे जवान. तिसऱ्यात नुकतीच गेलेली माणसं, पण ती त्यांच्यासाठी मागणं म्हणून नव्हे. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि घरच्यांना धीर मागायचा, एवढंच. नावं वाचायला काय अक्कल लागते, असं वाटून मला अपमान झाल्यासारखं झालं.

गुरुवारच्या वाचनाला थोरले साहेब खाली चटईवर बसायचे. हिवाळा लागला की समोर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. आम्ही वाचायचो, ते शेंगा सोलायचे. सोलणं थांबलं की समजायचं, काहीतरी बिनसलं. मी पहिल्यांदा वाचलं ते एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांच्या घराबद्दल. त्यांचा गुडघा दुखत होता. मी त्यांना बायबलातल्या सोशिक ईयोबाची गोष्ट सांगितली होती, चांगली अर्धा तास.

"ईयोब त्यांनी मागितला होता?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग ते कुणासाठी बोललास?"

"त्यांच्यासाठीच की."

"हं," ते म्हणाले, आणि पुढच्याकडे वळले.

वर्षभर मला ते हेच विचारत राहिले. 'हे कुणासाठी बोललास?' मी म्हणालो त्या माणसासाठी, तर 'हं'. मी म्हणालो देवासाठी, तरी 'हं'. एकदा चिडून म्हणालो, माझ्यासाठी, तर म्हणाले, "बरं, मग मजा आली का?" चौमूंवाला खो खो हसला. मला कळेना की हा माणूस मला काही शिकवतोय की माझी फिरकी घेतोय. उत्तर माहीत असेल तर सांगावं ना. मला बरोबर आणि चूक सांगणारे गुरुजी माहीत होते. बरोबरही म्हणत नाही, चूकही म्हणत नाही, अशा माणसासमोर कसं बसायचं ते मला माहीत नव्हतं.

मग मी माझा मार्ग काढला. माझ्या लक्षात आलं की वहीत माझं बोलणं कमी आणि घरच्यांचं जास्त असलं तर प्रश्न कमी येतात. तेव्हा आधी मी माझं बोलणं छाटलं. मग घरच्यांचं थोडं वाढवलं. कीर्तनकाराच्या मुलाला दोन माणसांचं संभाषण लिहायला सांगितल्यावर आणखी काय होणार? पावसाळा संपेपर्यंत माझ्या वहीतली माणसं फार सुरेख बोलू लागली होती. नेमक्या जागी थांबायची, नेमक्या जागी त्यांचे डोळे भरून यायचे, आणि मी एखादंच वाक्य बोलायचो, पण काय वाक्य असायचं ते. उजव्या बाजूलाही मी अशीच शंका लिहायचो की जी पाळकाला शोभेल. प्रश्न खरंच कमी झाले. मला वाटलं, आपल्याला जमलं.

अकरा नंबरचं घर एका नर्सबाईंचं होतं. मिरजेकडच्या. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. त्या मला पहिल्या दिवसापासून पाळकसाहेब म्हणायच्या, मी अजून पाळक नव्हतो तरी. नवरा लष्करात हवालदार. त्याची पलटण जयपुरात असताना त्यांनी इथल्या इस्पितळात नोकरी धरली, आणि पलटण हलली तरी त्या राहिल्या. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या, मूलबाळ नाही. चहा देताना पाहुण्याला चांगला कप द्यायच्या आणि स्वतः कान तुटलेल्या कपातून प्यायच्या.

त्या वर्षीची चीनशी झालेली लढाई सगळ्यांना माहीत आहे. पलटण ईशान्येला बर्फात गेली. यादीचा दुसरा भाग एकदम लांबला, आणि ताईंच्या यजमानांचं नाव मी दर रविवारी त्यात वाचू लागलो. डिसेंबरात त्यांना लष्कराचं पत्र आलं. हवालदार बेपत्ता आहेत, एवढाच मजकूर.

पुढच्या रविवारी मी यादी घेऊन उभा राहिलो आणि गडबडलो. त्यांचं नाव कुठे वाचायचं? दुसऱ्या भागात वाचावं तर तो माणूस मेलेला असू शकतो, आणि आपण अख्ख्या मंडळीसमोर त्याच्या बायकोला खोटी आशा दाखवतोय. तिसऱ्या भागात वाचावं तर आपणच त्याला मारल्यासारखं. दोन पंच आधीच माझ्या कानाशी लागून गेले होते. एक म्हणाला काढून टाक, दुसरा म्हणाला राहू दे. थोरल्या साहेबांना विचारायचं माझ्या मनात आलं, पण ते उलट मलाच काहीतरी विचारतील या धास्तीनं नाही विचारलं. मी ते नाव गाळलं. म्हटलं, गाळल्यानं कुणाचं काय बिघडतंय? त्याच्या पुढच्या रविवारीही गाळलं.

त्याच आठवड्यात ताईंच्या घरी गेलो. चहा झाला. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाळकसाहेब, एक विचारू? तुम्हा लोकांकडे काही पत्र आलंय का?"

"कसलं पत्र, ताई?"

"ह्यांच्याबद्दल. दोन रविवार झाले, तुम्ही नाव घेतलं नाही. मी म्हटलं, मंडळीला आधी कळवलं असंल, आणि मला कसं सांगायचं म्हणून थांबला असाल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नका. मी नर्स आहे. रोज मीच सांगते की लोकांना."

दोन आठवडे ही बाई आपला नवरा मेला असं धरून इस्पितळात ड्यूटी करत होती, माझ्यामुळे.

"नाही हो, पत्र नाही," मी म्हणालो. "राहून गेलं."

"दोन्ही वेळेला?"

मी रिकामा कप बशीत फिरवला.

"बरं, मग एवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसासाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत. देवाकडं सोपवून झालेलं असतं त्याला. आणि जिवंत असतील तर एक दिवस चुकवून चालायचं नाही, बर्फात आहेत. मी संध्याकाळी गुडघे टेकते आणि सुरुवातच होत नाही. ह्यांच्यासाठी मागू, का झालं गेलं म्हणून आभार मानू? कुठली करायची ते सांगा की."

मी सेमिनरीत तीन वर्षं काढली होती. मला ग्रीकही थोडं येत होतं. मी म्हणालो, "आपण प्रार्थना करू या," आणि डोळे मिटले. या घराला शांती दे, या कुटुंबाला धीर दे, असं दोन मिनिटं काहीतरी बोललो. नाव त्यातही घेतलं नाही. आमेन म्हटलं आणि चप्पल घालून पळालो. पळालो हाच शब्द बरोबर आहे.

खोलीवर येऊन वही उघडली आणि लिहायला बसलो तेव्हा मात्र सुचलं. भराभर सुचलं. वहीत ताईंनी मला पत्राबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी फक्त कुठली प्रार्थना करू ते विचारलं, आणि मी शांतपणे म्हणालो: 'ताई, बेपत्ता हा शब्द सरकारचा आहे. देवाच्या दप्तरात बेपत्ता कुणी नसतं. तुम्ही फक्त नाव घ्या. ते कुठे आहेत ते बघून तुमची प्रार्थना कुठे न्यायची, ते देव ठरवील.' वहीतल्या ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'आता हलकं वाटतं.' कान तुटलेला कपही मी त्यात घातला. खऱ्याखुऱ्या गोष्टींपैकी तेवढीच एक.

गुरुवारी ते वाचलं. चौमूंवाल्यानं ते उत्तर स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. थोरल्या साहेबांनी शेंगा सोलणं थांबवलं होतं.

"आणि मग?" त्यांनी विचारलं.

"मग मी निघालो."

"आणि त्या?"

"त्यांना शांती मिळाली होती."

मग "हं," म्हणाले आणि सूप पुढे ओढलं. मी निघालो तेव्हा म्हणाले, कमिटीचं पत्र पुढच्या महिन्यात लिहायचं आहे. मी त्याचा अर्थ लावला की आपलं काम झालं. त्या दिवशी वडिलांना पोस्टकार्ड टाकलं: झगा इस्त्री करून ठेवतो.

ताईंचं नाव मी त्यानंतरही वाचलं नाही, म्हणजे त्यांच्या यजमानांचं. आता कुठल्या तोंडानं वाचणार? एकदा गाळलेलं नाव परत घेतलं तर लोक विचारतील, काही कळलं का. मी त्यांच्या घरी जाणंही लांबवत राहिलो. जवळजवळ महिन्यानं, एका गुरुवारी, वाचन संपवून परस्परच गेलो, म्हणून वही हातात होती. ती त्यांच्या ट्रंकेवर ठेवली. हवेबद्दल बोललो, इस्पितळाबद्दल बोललो, त्यांनी पुन्हा काही विचारायच्या आत उठलो. वही तिथेच राहिली. हे मला खोलीवर आल्यावर कळलं, आणि परत जायचा धीर झाला नाही.

बुधवारी दुपारी त्या ड्यूटी संपवून, पांढऱ्या साडीतच, चर्चच्या ओट्यावर आल्या. वही वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"मी वाचली," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "वाचायला नको होती. पण वाचली. अकरा नंबर माझा, नाही का? कपावरनं ओळखलं."

मी मान हलवली.

"ही बाई रडते. मी कधी रडले हो?"

"नाही रडलात."

"आणि मी पहिलं काय विचारलं होतं, ते ह्यात नाहीच."

मला वाटलं आता त्या थोरल्या साहेबांकडे जातील आणि सगळं संपेल. त्या ओट्यावरच्या बाकावर बसल्या.

"उत्तर चांगलंय," त्या म्हणाल्या. "मग मला का नाही दिलंत?"

"तेव्हा सुचलं नव्हतं, ताई. लिहिताना सुचलं."

"मग आता द्या. वाचा."

"इथे?"

"वाचा की. माझंच आहे ते."

मी वही उघडली आणि वाचू लागलो. वाचता मला येतं. 'बेपत्ता हा शब्द सरकारचा आहे' यानंतर आवाज आपोआप थांबला, 'देवाच्या दप्तरात' याला आपोआप खाली आला. वडिलांच्या कीर्तनात असाच यायचा. समोर एकच बाई बसली होती आणि मी चावडीभर लोकांना ऐकवत होतो. शेवटच्या वाक्याला मला माझीच लाज वाटली, पण आवाज काही ऐकेना, तो सुरातच संपला.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या बाईला पटलं असंल." मग उठल्या. "सलाम, पाळकसाहेब."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो. गप्प बसलो असतो तर पत्र गेलं असतं. ताई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. ट्रंकेत झगा होता, गावाकडे वडील दिवस मोजत होते. आणि ते उत्तर वाईट होतं का? मला आजही सांगता येत नाही. चौमूंवाला त्या सकाळी आल्याआल्या म्हणाला की त्यानं ते उत्तर रविवारी उपदेशात घेतलं आणि दोन बाया रडल्या. माझ्या वहीतल्या खोट्या आसवांची चौमूंत खरी झाली होती. याला काय म्हणावं, मला कळेना.

माझी पाळी आली तेव्हा मी वही मिटून ठेवली आणि जे घडलं होतं ते तोंडी सांगितलं. गाळलेलं नाव, पत्राचा प्रश्न, पळपुटी प्रार्थना, ओट्यावरचं वाचन. शेंगांचा आवाज केव्हाच थांबला होता.

"असं कधीपासून लिहितोस?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"हं." त्यांना हे आधीच माहीत होतं का, ते मला त्या 'हं'वरून कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही. "वहीचं राहू दे. नाव का गाळलंस?"

"कुठल्या भागात घ्यावं ते कळेना."

"मला का नाही विचारलंस?"

तिथे माझा तोल गेला. "विचारून काय उपयोग?" मी म्हणालो. "तुम्ही काही सांगता का कधी? नुसतं उलट विचारता. त्या बाईनं मला विचारलं आणि मला काही सांगता आलं नाही, कारण इथे आम्हाला कुणी काही सांगतच नाही."

बाकीचे तिघं चटईकडे बघायला लागले. वडीलधाऱ्या पाळकाशी असं बोलायची रीत नव्हती. थोरले साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि गोंधळलेला. तसा तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "तू विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, मला पण माहीत नाही, भैया. तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं." मग सुपातल्या टरफलांकडे बघत म्हणाले, "या वर्षी तुझं पत्र मी पाठवत नाही."

"खोटं लिहिलं म्हणून?"

"नाही. बाई दोन आठवडे तशी बसली म्हणून. मतलब, लिहिण्यानं कागद खराब झाला. हे वेगळं आहे." ते उठले. "रविवारी यादी तूच वाचायची."

"नाव कुठे घेऊ?"

"तू वाचणार आहेस ना?"

परत प्रश्नच. मी संतापानं स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

रविवारी उभा राहिलो तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. पहिला भाग झाला. दुसरा भाग वाचत आलो, जवानांची नावं संपत आली. ताई उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर होत्या, डोळे मिटलेले नव्हते. तिसरा भाग सुरू करायला मी तोंड उघडलं, आणि तो माणूस मेला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, एवढंच त्या क्षणी समजलं. मग मी दुसऱ्या भागाच्या शेवटी त्यांचं नाव घेतलं. हवालदार, पुढे नाव, पुढे आडनाव. आवाज कसा आला ते मला आठवत नाही. त्याच्यावर लक्षच नव्हतं.

दारात ताई थांबल्या. मला वाटलं काही चांगलं बोलतील.

"पुढच्या रविवारी पण घ्या," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

वडिलांचं पोस्टकार्ड आलं: पत्र का नाही गेलं, काय चूक झाली? मी त्यांना लिहिलं की फॉर्म उशिरा पोचला. म्हणजे चटईवर सगळ्यांसमोर कबुली देऊन मी सुधारलो होतो असं कुणी समजू नये.

पुढच्या उन्हाळ्यात कैदी परत येऊ लागले. आम्ही वर्तमानपत्रातल्या याद्या बघायचो, ताई बघायच्या नाहीत. हवालदार त्यांत नव्हते. पंच आता मोकळेपणानं म्हणू लागले की किती दिवस वाचणार, लोक चमत्कारिक नजरेनं बघतात. ते थोरल्या साहेबांकडे गेले. "यादी तो वाचतो," ते म्हणाले, "त्याला विचारा." पंचांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही," आणि रविवारी पुन्हा वाचलं.

दुसऱ्या वर्षी थोरल्या साहेबांनी कमिटीला पत्र पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला दाखवलं नाही. वडील दीक्षेला जयपूरला आले. झगा मला सैल झाला होता, खांद्यावरून घसरत होता. प्रभुभोजनाच्या वेळी ते सवयीनं उठले, ताट उचललं आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी त्यांना म्हणालो, "दादा, आज तुम्ही बसा." त्यांना आधी समजलंच नाही. मग ताट ठेवून ते पुढच्या रांगेत गेले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

साठचं दशक संपता संपता ताई बदली घेऊन मिरजेकडे गेल्या. मीही जयपूर सोडलं. मधे काही वर्षं गेली आणि त्यांचं एक अंतर्देशीय पत्र आलं. तब्येत, हवा, नवीन इस्पितळ, असं सगळं. शेवटी लिहिलं होतं: 'इथल्या मंडळीत मी ह्यांचं नाव दिलेलं नाही. मला आता ती प्रार्थना होत नाही, मी थांबले. तुम्ही मात्र थांबू नका.'

पुढे मी स्वतः तरुण पाळकांना शिकवलं. त्यांनाही वह्या दिल्या. त्यांनीही मला चांगलं आणि खोटं पुष्कळ वाचून दाखवलं, आणि मीही 'हं' म्हणत राहिलो, कारण दुसरं काय म्हणावं ते मला तेव्हाही कळत नव्हतं. घरी संध्याकाळी प्रार्थनेला बसतो तेव्हा यादी असतेच. ते नाव मी इथे लिहीत नाही, वहीचा नियम म्हणून. हवालदार असते तर आता नव्वदीच्या पुढे असते. मी त्यांना दुसऱ्या भागातच घेतो.